गुपित कळल्यानंतरची पानं

बोईसरच्या एका सोसायटीत गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मुलांचे कार्यक्रम होते. नववीतला एक मुलगा नाणं गायब करायची जादू घेऊन उभा राहिला. मोबाईलवर बघून शिकला होता आणि चांगला शिकला होता. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा मोठ्यांना नाणं खरंच नाहीसं झाल्यासारखं वाटलं. पण पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली पाच-सहा वर्षांची पोरं एका सुरात ओरडली, ‘‘दादा, डाव्या हातात आहे!’’ मुलगा गोरामोरा झाला आणि उरलेल्या दोन जादू न करताच खाली उतरला.

आरती झाल्यावर प्रसाद घेताना तो माझ्याजवळ आला. ‘‘काका, माझं काय चुकलं?’’ त्याचा हात चुकला नव्हता. त्याने पाहिलेल्या व्हिडिओत कॅमेरा समोर, डोळ्यांच्या उंचीवर होता. तिथून पाहणाऱ्याला डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी पडलेलं नाणं दिसत नाही. जमिनीवर बसून वर पाहणाऱ्या पोराला मात्र ते स्वच्छ दिसतं. हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. गुपित सांगितलं आणि व्हिडिओ संपला.

पालघर, सफाळे, बोईसर, डहाणू या आपल्या पट्ट्यातले पालक आणि तरुण मुलं मला नेहमी विचारतात, जादू शिकायला पुस्तक कुठलं घ्यावं, चॅनल कुठलं बघावं. नावं मी पुढे सांगणार आहे. पण नावांपेक्षा जास्त उपयोगी पडेल अशी एक कसोटी आधी सांगतो, म्हणजे मी न पाहिलेलं पुस्तकही तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या पारखता येईल.

पुस्तक कुठेही उघडा. एखाद्या जादूचं वर्णन काढा आणि तिचं गुपित नेमक्या कुठल्या ओळीत सांगितलं आहे ते शोधा. मग त्या ओळीनंतर त्या जादूबद्दल आणखी किती मजकूर आहे ते मोजा. गुपित सांगून लगेच पुढची जादू सुरू होत असेल, तर पुस्तक ठेवून द्या. गुपितानंतर दीड-दोन पानं असतील, हात कुठे, नजर कुठे, काय बोलायचं, काय बिघडू शकतं हे सगळं असेल, तर ते पुस्तक घ्या. मग त्यात पंधराच जादू असल्या तरी चालेल. ‘एकशे एक जादूचे प्रयोग’ अशा नावाच्या पातळ पुस्तिका एसटी स्टँडवर, जत्रेत वर्षानुवर्षं विकल्या जातात. लहानपणी मीही त्या घेतल्या आहेत. दहा-दहा ओळींत एकेक जादू उरकलेली असते. वाचून होतं, ‘अच्छा, असं आहे होय’ म्हणून होतं, आणि एकही जादू करता येत नाही.

गुपितानंतर काय लिहायचं असतं ते त्या मुलाच्याच जादूवरून दाखवतो. तिला फ्रेंच ड्रॉप म्हणतात आणि जवळपास प्रत्येक प्राथमिक पुस्तकात ती असते. डावा तळहात वर. नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये कडेने धरलेलं. उजवा हात ते घ्यायला येतो, त्याचा अंगठा नाण्याखालच्या फटीत शिरतो, बोटं वरून झाकतात. त्या झाकण्याच्या क्षणी डावा अंगठा जरा सैल होतो आणि नाणं डाव्याच हाताच्या बोटांवर पडतं. उजवा हात रिकामी मूठ मिटून बाजूला जातो. गुपित एवढंच.

आता पुढचं. खोटं घेण्याआधी तेच नाणं उजव्या हाताने वीस-पंचवीस वेळा खरोखर घेऊन पाहा. खरं घेताना तुमची मूठ किती घट्ट मिटते, कोपर किती हलतं, हात किती वेगाने जातो, हे लक्षात ठेवा. खोटं घेताना अगदी तसंच झालं पाहिजे. नवशिका खोटं घेताना हमखास घाई करतो आणि मूठ उगाच आवळतो. मग नजर. नाणं उजव्या हातात गेलं असं तुम्हालाच वाटत असेल तर तुमचे डोळे आपोआप उजव्या मुठीकडे जातील. डाव्या हाताकडे चोरून पाहिलंत की संपलं. डावा हात तसाच ताठ हवेत राहिला तरी संपलं. तो सहज खाली यायला हवा, काहीतरी कामाला लागायला हवा. आणि सगळ्यात मोठा प्रश्न : नाणं या हातातून त्या हातात घ्यायचंच कशाला? याला कारण लागतं. डाव्या हाताला खिशातून पेन काढायचं आहे, म्हणून नाणं उजव्या हातात घेतलं. आता पाहणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि पेन काढता काढता नाणं खिशात राहून जातं. शेवटी, मूठ लगेच उघडायची नाही. एक श्वास थांबायचं, दोन शब्द बोलायचे, मग एकेक बोट उघडायचं.

एवढं सगळं तीन पानांत नीट लिहिणारा लेखक तुमचा गुरू. गुपित सांगून निघून जाणारा नव्हे.

आता नावं. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मार्क विल्सन यांचा १९७५ साली निघालेला ‘कंप्लीट कोर्स इन मॅजिक’ घ्या. पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, चेंडू, सगळ्याची ओळख त्यात होते, आणि दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही चित्रंच मोलाची, कारण इंग्रजीचं वाक्य अडलं तरी हाताचं चित्र अडत नाही. बिल टार यांचं ‘नाऊ यू सी इट, नाऊ यू डोन्ट’ हेही असंच चित्रांवर चालणारं, फक्त हातचलाखीचं पुस्तक आहे.

पत्त्यांकडे ओढा असेल तर ह्युगार्ड आणि ब्राउए या जोडीचं ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. त्याची मांडणी मला फार आवडते. पहिलं प्रकरण नुसतं पत्ते पिसण्याचं. हातातल्या हातात, आपण रमी खेळताना पिसतो तसं. मग त्याच पिसण्यावर आधारलेल्या जादू. पुढच्या प्रकरणात दुसरी एक क्रिया, मग तिच्यावरच्या जादू. म्हणजे जे हाताला बसलं तेवढ्यावर तुम्ही लगेच कार्यक्रम करू शकता. बोटांना वळण नाही, वेळही नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कार्ल फुल्व्ह्‌ज यांच्या ‘सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स’पासून सुरुवात करावी. त्यात हातचलाखी जवळजवळ नाही. पत्त्यांची रचना आणि मोजणीच काम करते, त्यामुळे तुम्हाला पूर्ण लक्ष बोलण्याकडे देता येतं.

नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचं १९५२चं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ आजही चालतं. पण ते वाचताना आपल्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ते अमेरिकी अर्ध्या डॉलरसाठी लिहिलेलं आहे. ते नाणं ३०.६ मिलिमीटर व्यासाचं, अकरा ग्रॅमहून जड. आपलं नवं एक रुपयाचं नाणं २० मिलिमीटर. ते तळहातात धरून ठेवायचा प्रयत्न केलात तर सटकून खाली पडेल आणि तुम्हाला वाटेल की आपल्या हातात ही कला नाही. दहाचं नाणं घ्या. २७ मिलिमीटर, पावणेआठ ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्या चलनात शिकायला याहून सोयीचं नाणं नाही. कडा झिजलेल्या नसतील तर आणखी बरं.

पत्त्यांचंही तसंच. परदेशी पुस्तकातले हात ६३ मिलिमीटर रुंदीच्या पत्त्यांवर दाखवलेले असतात. आपल्या दुकानातही मिळणारे ब्रिजचे पत्ते ५७ मिलिमीटर रुंद असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात हे अरुंद पत्ते जास्त चांगले बसतात, म्हणून परदेशी कॅट मागवायची घाई करू नका. आपल्या दमट हवेत, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, कागदी पत्ते मऊ पडतात आणि एकमेकांना चिकटतात. दोन पत्ते एकत्र उचलले जातात आणि जादू फसते. कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत तांदळाची छोटी पुरचुंडी टाका, आणि सरावाचा कॅट वेगळा, कार्यक्रमाचा वेगळा असू द्या.

इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला तुमचा. स्पेड म्हणजे इस्पिक, क्लब म्हणजे किलवर, डायमंड म्हणजे चौकट, एवढं तर सगळ्यांना येतंच. पण ‘पाम’, ‘लोड’, ‘फोर्स’ अशा शब्दांपुढे तुमच्या घरच्या भाषेत एक ओळ लिहा. फोर्स : समोरच्याला वाटतं त्याने मनाने पत्ता काढला, खरं तर आपण हवा तोच त्याच्या हातात दिला. असे तीस-चाळीस शब्द झाले की कुठलंही पुस्तक वाचता येतं. तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. आठवीतली मुलगी इंग्रजी वाचून मराठीत सांगते आणि बाबा पत्ते हातात घेऊन करून बघतात. दोघांनी मिळून पुस्तकाचं एक प्रकरण दोन महिन्यांत पुरं केलं. दोन महिने म्हणजे फार झाले असं कुणाला वाटेल. मला ती गती अगदी योग्य वाटते.

पुस्तकं मिळवायला डहाणू-चर्चगेट लोकलने शेवटपर्यंत जा. चर्चगेटहून चालत हुतात्मा चौकाकडे गेलात की फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, तिथे जादूचं एखादं पुस्तक सापडून जातं. आणि जी पुस्तकं आता कुणाच्याही मालकीची नाहीत ती इंटरनेटवर उघडपणे, विनामूल्य वाचता येतात : प्रोफेसर हॉफमन यांचं १८७६चं ‘मॉडर्न मॅजिक’, मॅस्कलिन आणि डेव्हंट यांचं १९११चं ‘अवर मॅजिक’. यातलं दुसरं नवशिक्याला जड जाईल, पण जादू ही कला का आहे हे ज्याला मनापासून समजून घ्यायचं आहे त्याने ते वर्षभराने तरी हातात घ्यावं. अर्डनेझ या टोपणनावाने १९०२ साली आलेलं ‘द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल’ही असंच मोफत मिळतं आणि फार लोक ते सुचवतात. पहिल्या दोन वर्षांत त्याला हात लावू नका. तुमचा धीर खचेल. हयात जादूगारांच्या पुस्तकांच्या, शिकवण्यांच्या चोरलेल्या प्रती मोबाईलवरून फिरत असतात, त्या घेऊ नका. एक युक्ती बसवायला माणूस वर्षं घालवतो, आणि तीच त्याची भाकरी असते.

व्हिडिओंना माझा विरोध नाही. वेग, लय, थांबणं हे कागदावर नीट उतरत नाही. ते पाहूनच कळतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी वाचा, हातात नाणं घेऊन करून बघा, अडलं की मग त्याच क्रियेचा व्हिडिओ बघा. आधी व्हिडिओ पाहिला की त्या माणसाचं बोलणं, त्याचं हसणं, त्याची मान वळवायची लकब, सगळंच आपल्यात उतरतं. वाचून शिकलेल्याला स्वतःचं बोलणं स्वतःच तयार करावं लागतं, आणि बोईसरच्या प्रेक्षकांपुढे बोईसरचंच बोलणं चालतं.

व्हिडिओ निवडताना शिकवणारा आधी पूर्ण जादू न कापता दाखवतो का ते बघा. मग तीच समोरून आणि खांद्यावरून, अशी दोन बाजूंनी दाखवली पाहिजे. नुसती समोरून दाखवली तर उजवं-डावं उलटं होतं आणि मुलं आरशासारखी चुकीच्या हाताने शिकतात. ही जादू कुणाची, आपण कुणाकडून शिकलो, हे सांगणारा शिक्षक विश्वासाचा. कुठल्या कोनातून पकडलं जाऊ शकतं हे सांगणारा त्याहून विश्वासाचा. ‘अमक्या जादूगाराचं गुपित उघड’ अशा नावाचे व्हिडिओ शिकण्यासाठी नसतातच. आणि चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये कॅमेऱ्याचीच करामत किती आणि हाताची किती, हे नवशिक्याला कळू शकत नाही.

मोबाईलचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. तो जमिनीवर ठेवा, कॅमेरा वर करा आणि स्वतःचं चित्रण करा. त्या नववीतल्या मुलाला मी हेच करायला सांगितलं. पहिल्याच चित्रणात त्याला त्याचं नाणं दिसलं. मग त्याने हात छातीवरून खाली, बेंबीच्या उंचीला आणला, तळहाताची कड थोडी स्वतःकडे वळवली, आणि मोबाईल डावीकडे, उजवीकडे, जमिनीवर, तीन ठिकाणी ठेवून महिनाभर सराव केला. आपल्याकडे सोसायटीचा सत्यनारायण असो, शाळेतलं शिबिर असो, माणसं तिन्ही बाजूंनी बसतात आणि पोरं पायाशी बसतात. परदेशी पुस्तकातला प्रेक्षक समोर खुर्चीवर बसलेला असतो. हा फरक पुस्तकात सहसा लिहिलेला नसतो, तो तुम्हीच भरून काढायचा. आरशापेक्षा चित्रण बरं, कारण आरशासमोर नाणं सोडायच्या नेमक्या क्षणी आपण डोळे मिटतो आणि आपल्याला ते कळत नाही.

सरावाला वेळ कुठून आणायचा, असं कंपनीत जाणारे विचारतात. फ्रान्समधल्या ब्लोआ गावचा रॉबेअर-उदँ हा घड्याळजीचा मुलगा. घड्याळांवरचं पुस्तक मागायला गेला आणि दुकानदाराने चुकून जादूचं पुस्तक बांधून दिलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. आधुनिक जादूचा तो जनक मानला जातो. हुडिनीने आपलं नाव त्याच्या नावावरून घेतलं. हा माणूस रस्त्याने चालताना खिशात हात घालून बोटांचा सराव करायचा. विरार ते बोईसर लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली असते, दुसरा खिशात. दहाचं नाणं बोटांच्या मुळाशी धरून ठेवा आणि तो हात सैल, नैसर्गिक राहतो का ते बघा. पालघर येईपर्यंत नाणं आहे हेच विसरलात, तर ते तुमच्या हाताचं झालं.

मोठ्या रंगमंचावरची जादू पाहून मुलं पेटीतून माणूस गायब करायची पुस्तकं मागतात. पुण्याचे जादूगार रघुवीर आणि त्यांच्यानंतर विजय, जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी मराठी माणसाला ती भव्यता दाखवली. तिथवर जायला सामान, माणसं, पैसा आणि अनेक वर्षं लागतात. पुस्तक तुम्हाला नाणं, पत्ते, दोरी आणि रुमाल देईल. तेवढं पुष्कळ आहे. ज्यात आग, जिभेवर जळता कापूर, ब्लेड, काचा, खिळे आहेत ते पुस्तक किंवा व्हिडिओ मुलांच्या हाती देऊच नका. ते शिकायचं तर जाणत्या माणसासमोर बसून, वयात आल्यावर.

शेवटची कसोटी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुस्तक जादूला काय म्हणतं ते पाहा. हातचलाखी म्हणतं, की सिद्धी, वशीकरण, तंत्र म्हणतं? मराठीत ‘जादू’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, त्यामुळे दुकानात ही पुस्तकं शेजारी शेजारी लागलेली असतात. मुखपृष्ठावर कवटी, लिंबू, यंत्र असलं की ते खाली ठेवा.

हा फरक आपल्या जिल्ह्यात नुसता शब्दांचा नाही. पाड्यांवरचा भगत झाडपाल्याची खरी माहिती असलेला माणूसही असतो आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण एखाद्या बाईला भुताळी ठरवून तिच्या जिवावर उठलेली माणसंही या राज्याने पाहिली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती सांगतात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, त्यावर पैसे मिळवणं हा गुन्हा ठरवला. आणि हे नातं फार जुनं आहे. हातचलाखीच्या युक्त्या समजावून देणारं इंग्रजीतलं एक अगदी सुरुवातीचं पुस्तक, रेजिनाल्ड स्कॉट यांचं १५८४चं ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’, मुळात जादू शिकवायला लिहिलेलंच नव्हतं. चेटकीण म्हणून ज्यांच्यावर आळ घेतला जातो त्या निर्दोष आहेत, हे पटवून देण्यासाठी स्कॉटने ते लिहिलं, आणि लोक ज्याला दैवी शक्ती समजतात ते हाताने कसं करता येतं, हे दाखवायला त्यात नाण्यांच्या, सुरीच्या युक्त्या दिल्या.

म्हणून तुमच्या पहिल्या कार्यक्रमाचं बोलणं लिहाल तेव्हा त्यात ‘मंत्र’, ‘शक्ती’ हे शब्द गमतीतही घेऊ नका. विक्रमगड-जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावर, आश्रमशाळेत कार्यक्रम झाल्यावर कुणी आजी जवळ येईल आणि नातवाचा ताप उतरवायला काही दे म्हणून हात पुढे करेल. तिला हसू नका. तिच्याजवळ खाली बसा. दहाचं नाणं काढा, तिच्या तळहातावर ठेवा, आणि गायब कसं केलं ते सावकाश, एकेक बोट उघडत, तिला कळेपर्यंत दाखवा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, तिथे डॉक्टर किती वाजता येतात ते सांगा, आणि जमलं तर तिच्याबरोबर जा.